लढाईच्या दगडाचं काम : साफसफाई आणि नावांचा शोध

४ फेब्रुवारी २०२४

काम काय आहे ते आधी सांगतो. ज्यांच्या गावात असा दगड आहे त्यांनाच पुढच्या नोंदींचा उपयोग.

आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत दोन फूट बाय दीड फुटाची संगमरवरी पाटी बसवलेली आहे. गावात तिला 'लढाईचा दगड' म्हणतात. पहिल्या महायुद्धात ज्या गावांतून बरीच माणसं सैन्यात गेली, तिथे इंग्रज सरकारने नंतर अशा पाट्या लावल्या. सातारा, रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा (आताचा रायगड) या भागात त्या अजून दिसतात. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच असतो : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नसतं.

आमच्या दगडावर ४४ गेले आणि ३ वारले, असं रंगवलेलं आहे. रंगवलेलं अशासाठी म्हणतो की कोरीव अक्षरांवर कधीतरी काळा ऑइल पेंट फिरवला गेला आहे. भोवती चुन्याचे ओघळ, खालच्या अंगाला तेल आणि शेंदूर. दिवाळीत कुणीतरी तिथे पणती ठेवतं, त्याची काजळी वेगळीच.

दोन कामं ठरवली. दगड स्वच्छ करायचा, आणि वारलेल्यांची नावं शोधून शेजारी नवी पाटी लावायची. माझ्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत आणि आमच्या शाळेतली नववीची चार मुलं. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो.

११ फेब्रुवारी

फक्त पाणी. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन, नायलॉनचा मऊ ब्रश, अक्षरांच्या खाचांसाठी बांबूच्या काड्या. खालून वर धूत जायचं, नाहीतर वरचे मळके ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि पट्टे पडतात.

गावातून तीन सल्ले आले : बाथरूमचं ॲसिड मारा, तारेच्या ब्रशने घासा, सॅंडपेपर लावा. तिन्ही करू नका. शेजारच्या एका गावात ॲसिड मारलेला असाच दगड पाहून आलो. पांढरा झालाय खरा, पण अक्षरांच्या कडा विरघळल्या आहेत आणि बोट फिरवलं तर खडीसाखरेसारखं खरखरीत लागतं. तिथला आकडा आता वाचता येत नाही.

चुना बराच निघाला. तेल तसूभरही हललं नाही.

१८ फेब्रुवारी

तेलासाठी मुलतानी मातीचा लेप. ताजमहालाच्या संगमरवराला पुरातत्त्व खातं हाच लेप लावतं, म्हणून खात्रीने हाती घेतला. माती पाण्यात कालवून श्रीखंडाएवढी घट्ट करायची, अर्धा इंच थर द्यायचा, वर प्लास्टिक चिकटवायचं. एक दिवसाने प्लास्टिक काढून लेप आपोआप सुकू द्यायचा. सुकताना तो आतलं तेल ओढून घेतो.

माती मी घाईत मेडिकलच्या दुकानातून आणली. लेप काढला तर त्याखाली पिवळा धम्मक चौकोन! पुडी उलटून वाचली : 'हळद व चंदनयुक्त'. चेहऱ्याला लावायचा पॅक होता तो. सुभेदार काका म्हणाले, "मास्तर, दगडाचं लगीन लावलंत."

हळद उन्हाने उडते एवढंच काय ते नशीब. चावडीच्या त्या भिंतीवर सकाळी दोन तास ऊन येतं. आठवड्याभरात पिवळेपणा बहुतेक गेला. नव्वद रुपये आणि एक रविवार बुडाला. आयुर्वेदिक सामानाच्या दुकानातून साधी माती आणली, दोन किलो १६० रुपये. शेंदराच्या जागी पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये कालवली. तीन लेपांनंतर तेलाचा डाग फिकट तपकिरी उरला आहे. तो तसाच ठेवणार. शंभर वर्षांचा दगड नवाकोरा दिसायला नको.

३ मार्च

ऑइल पेंट. पेंट रिमूव्हरची जेल मिळते, ५२० रुपये. आधी खालच्या कोपऱ्यात बोटभर जागेवर लावून पाहिली, एक दिवस थांबलो, दगडाला काही झालं नाही, मग पुढे. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा. रंग फुगून आला की प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. लोखंडी कानस नको.

रंग निघाला आणि इंग्रजी '3' च्या डाव्या अंगाला आणखी काहीतरी कोरलेलं दिसलं. दिवसाउजेडी नक्की कळेना. रात्री गेलो, दिवे बंद केले, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारली आणि मोबाइलवर फोटो काढले. असा तिरपा प्रकाश पडला की उथळ खाचसुद्धा सावली टाकते. आकडा 8 आहे. रंगाऱ्याने त्याची उजवी बाजू तेवढी भरली होती, डावीकडच्या खाचा चुन्याने बुजलेल्या असणार. ४४ मात्र ४४ च.

खात्रीसाठी बटर पेपर लावून वरून ग्राफाइटची कांडी फिरवली. मुलांनी आळीपाळीने केलं, माझ्यापेक्षा चांगलं आलं. हा ठसा जपून ठेवा. पुढे दगडाला काही झालं तर तोच पुरावा.

म्हणजे गावात निदान दोन पिढ्या तीनच माणसं मेली असं मानून चालल्या. शाळेच्या हस्तलिखितात तसं लिहिलंय, १५ ऑगस्टच्या भाषणांत दरवर्षी तसं ऐकलंय.

१० मार्च

नावं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, आणि गावाच्या नावावरूनही शोधता येतं.

पण गावाचं नाव आपण आज इंग्रजीत लिहितो तसं टाकलं तर काहीच मिळत नाही. नावं लिहिणारा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. जाधवांचे जादाओ झालेत, शिंद्यांचे सिंदे. 'वाडी'चं एका ठिकाणी 'वारी' झालंय. शिवाय आमच्यासारखं रायगडातलं गाव असेल तर जिल्हा कुलाबा टाका. रायगड हे नाव १९८१ चं, ते टाकून मी सबंध संध्याकाळ घालवली. जिल्ह्याच्या नावाने सगळी यादी उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये टाकायची आणि मग माणसाने डोळ्यांनी चाळायची. मोठ्याने वाचलं तर लवकर सापडतं. मुलं वाचत होती, काका ऐकत होते. "थांब, परत म्हण, हे आपल्या खालच्या वाडीचं नाव आहे," असं दोनदा झालं.

१७ मार्च

पहिली सहा नावं हाती आली. आडनावं इथे देत नाही, सगळ्या घरांची परवानगी यायची आहे.

सर्वांत आधीची तारीख २८ ऑक्टोबर १९१४. हा माणूस थर्ड सॅपर्स अँड मायनर्सचा, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. जागा फ्रान्समधलं नव्ह शापेल. खंदक खणणं, तारा लावणं, पूल बांधणं हे या लोकांचं काम. पण त्या दिवशी २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं गावावर हल्ला करायला पाठवलं. गल्लीगल्लीत, घराघरात मारामारी झाली, गाव जवळजवळ हातात आलं, पण मागून कुमक न आल्याने सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले. कोकणातला हा माणूस मुंबई सोडून दोन महिन्यांत तिथे पोचून संपलाही होता. त्याचं नाव नव्ह शापेलच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ते १९२७ साली उभं राहिलं, त्यावर ४,७०० हून जास्त हिंदी नावं आहेत.

बाकीचे पाच मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकचे. ११० मराठा पलटणीचा एक, २२ नोव्हेंबर १९१५, टेसिफॉनची लढाई. बगदाद तिथून दिवसाच्या वाटेवर राहिलं होतं. सहावी पूना डिव्हिजन तिथून मागे हटली ती कूत-अल-अमाराला येऊन अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तुर्कांचा वेढा. आत आपल्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७ मराठा. आमचा १०३ चा माणूस २४ डिसेंबर १९१५ चा. त्या दिवशी तुर्कांनी कूतच्या टोकाच्या मातीच्या गढीवर जोराचा हल्ला केला होता. ११७ चे दोघे, एक वेढ्यातच एप्रिलमध्ये वारला, एक कैदेत. शेवटचा ११४ मराठाचा, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, शर्कातला. तुर्कांशी शस्त्रसंधी होऊन लढाई थांबली ती त्याच आठवड्यात. शर्कात दिवस आजही पलटणीत पाळतात. काकांनी बेळगावला असताना तो पाहिलेला आहे, पण आपल्याच गावचा माणूस त्यात गेला हे त्यांना आज कळलं. बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

३१ मार्च

मुलांनी विचारलेले प्रश्न पाटीपेक्षा जास्त वेळ खातायत, पण ते टाळता येत नाहीत. वेढ्यात खायला काय होतं, हा पहिला.

कूतमध्ये घरोघरच्या अंबारात जव सापडले, पण दळायचं कशावर? विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानांतून टाकली, काही तिग्रिस नदीत पडली. विमानातून वेढ्यातल्या फौजेला अन्न पोचवायचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी. शेवटी शेवटी माणशी दिवसाला चार-पाच औंस पीठ, म्हणजे लहान चार-पाच चपात्या. घोडे आणि खेचरं कापली जात होती, पण हिंदी शिपायांनी महिनोन्‌महिने ते मांस घेतलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या. तरी गावी परत गेल्यावर पोरीबाळींची लग्नं कशी व्हायची, ही भीती होतीच. एप्रिलमध्ये बरेचजण खायला लागले, तोवर स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या होत्या. ११७ चा आमचा माणूस त्याच महिन्यातला.

खंदकांचं म्हणाल तर जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरले. दोन्ही बाजूंना बाहेर पडून मागे सरकावं लागलं. कोकणातल्या माणसाला पाणी नवीन नाही, पण ते हिवाळ्याचं, आणि बाहेर डोकं काढायची सोय नाही.

२१ एप्रिल

लोकसभेची आचारसंहिता. १ मेची ग्रामसभा होणार नाही, त्यामुळे ठराव नाही, त्यामुळे नव्या पाटीला मंजुरी नाही. हे जानेवारीतच लक्षात यायला हवं होतं. वेळ कागदांवर घालवायचं ठरवलं.

बसऱ्याच्या स्मारकाचा शोधही याच आठवड्यात संपला. आमच्या पाचही जणांच्या नोंदीपुढे 'बसरा मेमोरियल' आहे. तिथल्या भिंतीवरच्या नावांचा फोटो मिळाला तर नव्या पाटीवर छोटा लावू, अशी कल्पना होती. फोटो मिळवले आणि कळलं की त्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे 'इतर इतके'. ४०,५०० हून जास्त लोकांचं स्मारक, आणि आमचे पाचही जण तिथेसुद्धा आकड्यात. त्यांची नावं रजिस्टरात आहेत, दगडावर नाहीत. २०२१ साली खुद्द कमिशनने अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. स्मारकही मूळ जागी नाही. सद्दामच्या काळात, १९९७ मध्ये, ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेलं.

चावडीतला आमचा दगड त्याच पठडीतला आहे, हे तेव्हा नीट समजलं.

५ मे

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून तीन गोष्टी काढा :

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. लोक जातीच्या दाखल्यासाठी काढतात, त्यामुळे अर्ज कसा करायचा हे प्रत्येक झेरॉक्सवाल्याला माहीत असतं. फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे लागल्याची नोंद. आणि शाळेचं जनरल रजिस्टर, ते अर्थातच शाळेत असतं.

कोतवाल बुकात लढाईत मेलेला माणूस सापडत नाही. कोतवाल गावात झालेला मृत्यू लिहितो, कूतमधला नाही. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात नकलांचे पैसे भरल्यावर आली. पण १९१८ ची पानं फुकट गेली नाहीत. त्या साली पाऊस दगा देऊन गेला आणि जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएन्झा दसरा-दिवाळीला गावागावात होता. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं गेली. आमच्या गावाच्या पुस्तकात एरवी महिन्याला तीन-चार ओळी, आणि ऑक्टोबरमध्ये पानं भरलेली, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. जे ३६ जण जिवंत परत आले, ते या गावात परत आले.

सगळं मोडी लिपीत. वाचून देणारे एक निवृत्त गृहस्थ मिळाले, पानाला ३०० रुपये, आणि वाचताना आपण शेजारी बसायचं. फोटो पाठवून काम होत नाही, शाई कुठे फुटली आणि कुठे अक्षर आहे ते कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

१२ मे

फेरफारांनी काम केलं. ११७ मराठाचा जो कैदेत वारला, त्याच्या घराचा फेरफार १९१९ चा : खातेदार लढाईवर कैदेत असता मयत, वारस मुलगा अज्ञान, पालक आई. कमिशनच्या नोंदीत त्याच्या मृत्यूचं साल १९१६ आहे. कूत पडल्यावर सुमारे १३,००० जण कैद झाले. हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनकडे नेलं, तिथे बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. कोण जगलं आणि कोण वाटेत पडलं, याचा हिशेब पुष्कळांच्या बाबतीत लढाई संपल्यावरच लागला.

तोवरची तीन वर्षं शाळेच्या रजिस्टरात सापडली. १९१७ साली त्या मुलाचं नाव दाखल झालंय. बापाचं नाव लिहिलंय, त्यामागे 'कै.' नाही. धंद्याच्या रकान्यात 'पलटणीत नोकरी'. सही म्हणून चुलत्याचा अंगठा. बाप त्याआधी वर्षभर मेलेला होता, घरी मनीऑर्डर थांबलेली होती, आणि बाई कुंकू लावत होती की नव्हती हे कुठल्या रजिस्टरात असणार? शिपायाचा पगार लढाईच्या सुरुवातीला महिना ११ रुपये, त्यातले जे येत ते थांबले की खायचं काय, हा प्रश्न त्या घराचाही वेढाच होता.

या एका माणसासाठी जेवढे कागद मिळाले तेवढे बाकी कुणासाठी नाहीत. ज्याला जमीन नाही त्याचा फेरफार नाही.

२६ मे

वरच्या वाडीतल्या एका आजींकडे ब्राँझची थाळी आहे असा निरोप आला. गेलो. तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरातली, साधारण पाच इंची. ब्रिटानिया (ब्रिटनची प्रतीकदेवता), सिंह, डॉल्फिन आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव. साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकाच्या घरी अशी थाळी पाठवली गेली. कडेने इंग्रजीत लिहिलंय की याने स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पत्करलं. स्वातंत्र्य कुणाचं ते लिहिलेलं नाही. लढाई चालू असतानाच, जून १९१८ ला, मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक सैन्यभरतीबरोबर स्वराज्याचं बोलू लागले, तर गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मधेच थांबवलं होतं.

थाळीवर हुद्दा किंवा पलटण नसते, फक्त नाव. मेडल असेल तर ते जास्त कामाचं, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आजींना विचारलं. "मेडल चांदीचं होतं रे बाबा," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूच्या लग्नात त्याच्या बुगड्या झाल्या."

थाळीवरचं नाव आमच्या यादीत नव्हतं. ते टाकून परत शोधलं, तेव्हा सापडलं : भिस्ती, म्हणजे पाणक्या, एका खेचर दलाबरोबर, मेसोपोटेमिया. आम्ही आतापर्यंत फक्त पलटणींची नावं चाळली होती. पाणक्ये, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले यांच्या नोंदी वेगळ्या दलांखाली असतात. परत सगळी यादी पहिल्यापासून. थाळीला हात लावलेला नाही, ब्रासो वगैरे अजिबात लावू नका, म्हणून आजींनाही सांगितलं. त्यांनी झाकण परत डब्यावर ठेवलं.

१६ जून

पाऊस. चावडीची भिंत ओल धरते, दगडाचं काम बंद.

यादीतून एक नाव काढावं लागलं. १०३ मराठाचा. गावाचं नाव तेच, पण तालुक्याचं नाव मी 'नीट वाचता येत नाही, आपलाच असणार' म्हणून सोडून दिलं होतं. मूळ रजिस्टराच्या पानाची प्रतिमा मोठी करून पाहिली तर तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. तिथे याच नावाचं गाव आहे. त्या गावच्या सरपंचांना फोन केला, त्यांच्याकडेही दगड आहे, आणि नाव त्यांच्या कामी येईल. तीन महिने आम्ही दुसऱ्या गावच्या माणसाची पणती लावत होतो. दर नावाला दोन पुरावे, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. कमिशनची नोंद आणि गावातला एखादा कागद किंवा वस्तू. नाहीतर निदान वाडीत त्या बापाच्या नावाचं घर.

आता सहा : सॅपर, ११० चा, ११७ चे दोघे, ११४ चा, आणि भिस्ती.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. दगडाचा विषय सातवा, पाण्याच्या टाकीनंतर. त्यामुळे बोलायला माणसं थोडी उरली होती, पण जी उरली ती भरपूर बोलली.

नावं कोणत्या क्रमाने? हुद्द्याने, आडनावाने की वाडीने? मी मृत्यूच्या तारखेने सुचवलं. कुणाला मोठं-धाकटं करायला जागा राहत नाही. मान्य झालं.

मग बौद्धवाडीतले एक गृहस्थ उठले. त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ १११ महार पलटणीत होते, ऑक्टोबर १९१८ मध्ये छावणीत तापाने गेले. नोंदीची प्रत त्यांनी स्वतःच काढून आणली होती. इंडिया गेटच्या यादीतली. महारांची भरती सरकारने १८९० च्या दशकात बंद केली, लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली ही पलटण उभी केली, आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. एकाने विचारलं, ते तर लढाईत नाही गेले, तापाने गेले. सुभेदार काका बसल्या जागेवरून म्हणाले, "कूतमधले काय जेवून गेले का? पलटणीत असताना गेला तो लढाईत गेला. आमच्यात असंच मोजतात." विषय संपला.

दगडावरच्या आठांत ते मोजलेले आहेत की नाहीत, यावर मात्र घरी जाताना बरीच चर्चा झाली. चावडीवर आकडा कुणी सांगितला असेल? पाटलाने. आणि पाटलाने कोणत्या वाड्यांत जाऊन विचारलं असेल? त्या गृहस्थांनी हा प्रश्न सभेत काढला नाही, रस्त्यात माझ्यापाशी काढला.

ठराव झाला. सात नावं, आणि खाली आठव्यासाठी जागा सोडायची.

८ सप्टेंबर

पाटीचा दगड. संगमरवर नको, काळा ग्रॅनाइट घेतला. आपल्याकडच्या पावसात तो टिकतो आणि अक्षरं लांबून वाचता येतात. कोरणाऱ्याकडे मजकूर मोबाइलवर पाठवू नका. कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की जोडाक्षरं सुटतात. आमच्या पहिल्या नमुन्यात 'फ्रान्स' फुटून 'फ् रान्स' झालं होतं आणि 'टेसिफॉन'वरचा चंद्र उडाला होता. कागदावर खऱ्या आकारात छापून घ्या, भिंतीवर लावा, दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचू द्या. ते न करता मी नमुन्याला होकार दिला आणि एक ओळ परत कोरून घ्यावी लागली. जादा १,५०० रुपये.

मजकूर : नाव, बापाचं नाव, वाडी, पलटण, ठिकाण, तारीख. विशेषणं नाहीत. एकाला 'अमर' लिहायचं होतं. ती अक्षरं कोरायला लागणाऱ्या पैशांत आठव्याचं नाव बसतं म्हटल्यावर ते राजी झाले.

२ ऑक्टोबर

पाटी बसवली. जुन्या दगडाच्या शेजारी नऊ इंच सोडून, त्याला हात न लावता. भिंत चिरा-मातीची आहे, साधे फास्टनर धरत नाहीत. गवंड्याने लांब बोल्ट आरपार घालून मागून प्लेट दिली. सिमेंट जुन्या संगमरवराला लागू दिलं नाही, त्यातले क्षार पुढे दगडावर फुलतात.

जुन्या दगडाची अक्षरं परत काळी केलेली नाहीत. कोरीव आकडा आता उघड्या डोळ्यांनी ८ दिसतो.

खर्च : साफसफाई १,३६०. नकला, मोडी वाचन आणि पेट्रोल ७,०९०. ग्रॅनाइट, कोरीव काम, दुरुस्ती, बोल्ट आणि गवंडी १६,९००. एकूण २५,३५०. वर्गणी २२,००० जमली, बाकीचे सध्या माझे.

राहिलेलं : आठवा. मजूर आणि हमाल दलांच्या याद्या मुलांनी वाटून घेतल्या आहेत. मुंबईच्या सेलर्स होमच्या स्मारकात दोन हजारांहून जास्त खलाशांची नोंद आहे, त्यात कोकणातले पुष्कळ. आमच्या गावातून बोटीवर जाणारी दोन-तीन घराणी होती, म्हणून आता तीही यादी काढतोय. खेडच्या सरपंचांनी परवा फोटो पाठवला, त्यांच्या दगडावर हिरवा रंग आहे. जेल किती लागेल विचारतायत. दोन डबे सांगितलेत, आणि मुलतानी माती आयुर्वेदिकवाल्याकडूनच घ्या म्हणून.